मोटर थ्री-फेजची, लाइट सिंगल-फेजची: मग गिरणी चालवायची कशी?

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून वीज तयार करतंय. याच धरणाविरोधात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता. आज याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीत कुणी भाताची गिरणी टाकायचं ठरवलं, तर पहिली अडचण वेगळीच येऊ शकते. घरापर्यंत आलेली लाइन सिंगल-फेज आणि स्वस्तात मिळालेल्या मशीनची मोटर थ्री-फेज. ही मोटर चालेल का? चालेल, पण काही अटींवर.

आधी फरक समजून घेऊ

जत्रेतला गोल पाळणा डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंना तीन माणसं उभी आहेत आणि पाठोपाठ धक्का देतायत. पाळणा एकाच दिशेनं सुरळीत फिरतो. थ्री-फेज मोटरमध्ये तेच होतं. तीन फेज एकमेकांच्या थोडे मागे-पुढे चालतात आणि फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं.

एकच फेज दिला तर? एकच माणूस एकाच जागेवरून पुढे-मागे ढकलतोय असं समजा. मोटर जागेवरच गुणगुणते, फिरत नाही आणि काही वेळात तापून जळू शकते. चालू मोटरचा एक फेज उडाला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या फेजमधून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. म्हणूनच पंपाच्या स्टार्टरला प्रिव्हेंटर लावतात.

चालवायचे मार्ग कोणते?

१. कंडेन्सर (कपॅसिटर): हा दोनच तारांमधून तिसऱ्या फेजचा आभास तयार करतो. स्वस्त आहे, पण मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांशच मिळते. लोड बदलला की फेजचा तोल बिघडतो आणि वाइंडिंग तापतं.

२. रोटरी कन्व्हर्टर: रिकामी फिरणारी दुसरी थ्री-फेज मोटर तिसरा फेज तयार करून देते. वर्कशॉपसाठी दणकट उपाय आहे, पण आवाज आणि वीज दोन्ही जास्त.

३. व्हीएफडी (ड्राइव्ह): आत २३० व्होल्टचा एक फेज, बाहेर २३० व्होल्टचे तीन फेज. मोटर हळूहळू सुरू होते, वेगही कमी-जास्त करता येतो. लहान मशीनसाठी हाच सर्वांत चांगला पर्याय.

नेमप्लेट वाचा

बहुतेकांची चूक इथेच होते. ड्राइव्हमधून २३० व्होल्ट येतात आणि मोटर असते ४१५ व्होल्टची. साधारण ३ एचपीपर्यंतच्या बऱ्याच मोटरी स्टार जोडणीत ४१५ वर चालतात. सहाही टोकं बाहेर काढलेली असतील, तर त्याच मोटरी डेल्टात २३० वर चालतात. नेमप्लेटवर २३०/४१५ लिहिलंय का ते पाहा. मोठ्या मोटरी मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात असतात. त्यांना साध्या ड्राइव्हवर पूर्ण ताकद मिळत नाही.

दुसरा प्रश्न करंटचा. ३ एचपीची मोटर सिंगल-फेजवर साधारण १२ ते १८ अँपियर घेते. १० एचपीला ४० किंवा त्याहून जास्त लागतात. घरगुती वायरिंग आणि मीटर त्यासाठी नसतात.

शेजाऱ्यांचा दिवा का मंदावतो?

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात गावांना काही तास सिंगल-फेज वीज मिळायची, जेणेकरून घरात दिवे लागतील पण पंप बंद राहतील. अनेकांनी कंडेन्सर लावून पंप चालवलेच. सगळा भार एकाच फेजवर आला, व्होल्टेज पडलं, डीपी जळू लागले. एक डीपी जळाला की अंधार सगळ्या वाडीला. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यामागे हेही एक कारण होतं.

कायद्याचाही प्रश्न आहे. घरगुती कनेक्शनवर गिरणीचा धंदा चालवणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतं. त्यात आकारणी दुप्पट दरानं होते.

मग करायचं काय?

- ३ एचपीपर्यंत: शक्य असेल तर सरळ सिंगल-फेज मोटरची मिनी गिरणी घ्या. थ्री-फेज मोटर हाताशी असेलच, तर ड्राइव्ह लावा.
- ५ एचपीच्या पुढे: महावितरणकडे थ्री-फेज कनेक्शनचा अर्ज करा. ड्राइव्हच्या खर्चाची त्याच्याशी तुलना करून पाहा.
- कुठलाही मार्ग घेतला तरी: मंजूर भार आणि वापराचा प्रकार बदलून घ्या. अर्थिंग, योग्य एमसीबी आणि ओव्हरलोड रिले लावा.
- हात लावण्याआधी: ड्राइव्ह किंवा कंडेन्सर बंद केल्यावरही आत चार्ज शिल्लक राहतो. जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आंबेमोहोराचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. ऐन भरडाईत मोटर जळाली, तर रिवाइंडिंगच्या खर्चाबरोबर तेवढ्या दिवसांचा धंदाही जातो. म्हणून मशीन विकत घेण्याआधी तिची नेमप्लेट आणि आपलं वीजबिल शेजारी-शेजारी ठेवून वाचा.