एका बटणाचे दुसऱ्या बटणाला कसे कळते?

साध्या लंबकाचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो आणि करवूनही घेतलेला असतो. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून आवर्तकाल काढायचा. मग मीटरमधील लांबीला आवर्तकालाच्या वर्गाने भागून ३९.४८ ने गुणले की गुरुत्वत्वरण मिळते. हे उत्तर ९.८ च्या आसपास यावे अशी आपली अपेक्षा असते.

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी भरलेल्या एका उन्हाळी शिबिरात आम्ही या प्रयोगाला संगणकाची जोड दिली. आज्ञावली आम्हीच लिहिली होती. पडद्यावर एक खिडकी उघडत असे. तिच्यात दोन चौकटी होत्या, एक दोऱ्याच्या लांबीची आणि दुसरी गोळ्याच्या व्यासाची. खाली ‘सुरू’, ‘थांबा’ आणि ‘उत्तर’ अशी तीन बटणे. एका मुलीने दोऱ्याची लांबी ९८.५ सेंमी आणि गोळ्याचा व्यास ३ सेंमी भरला. वीस आंदोलनांना ४०.१७ सेकंद लागले. ‘उत्तर’ दाबल्यावर पडद्यावर आले ९.६४. आम्ही तिच्या वहीत ‘वेळ मोजण्यात चूक’ असा शेरा मारला आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली. तिने दोऱ्याची लांबी ४८.५ सेंमी आणि २३.५ सेंमी घेऊन प्रयोग पुन्हा केला होता. उत्तरे आली होती ९.४९ आणि ९.२०. तिचा प्रश्न सरळ होता. हात चुकत असेल तर उत्तर कधी जास्त, कधी कमी यायला हवे. येथे ते दरवेळी कमीच येते आणि दोरा आखूड केला की आणखी कमी येते. असे का?

प्रश्न बिनतोड होता. लंबकाची लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. म्हणजे ९८.५ मध्ये गोळ्याची १.५ सेंमी त्रिज्या मिळवून १०० सेंमी. त्याचप्रमाणे पुढच्या दोन लांब्या ५० आणि २५ सेंमी होतात. या लांब्या घेऊन गणित केले तर तिन्ही वेळा उत्तर ९.७९ येत होते. आमची आज्ञावली त्रिज्या मिळवायला विसरत होती. नवल असे की त्रिज्या मिळवण्याची ओळ आज्ञावलीत होती. ती चालतही होती. खिडकीत ‘लंबकाची लांबी १००.० सेंमी’ असे ठळकपणे दिसतही होते. तरी ‘उत्तर’ या बटणाला ते कळलेच नव्हते.

हे कसे झाले हे समजून घेण्यासाठी खिडक्या आणि बटणे असलेली आज्ञावली कशी चालते ते पाहू या.

लगाम कोणाच्या हाती?

आपण शिकतो त्या पहिल्या आज्ञावल्या वरून खाली चालतात. आधी लांबी विचारायची, मग वेळ, मग गणित, मग उत्तर. क्रम लिहिणाऱ्याने ठरवलेला असतो. वर काढलेली संख्या खाली वापरता येते, कारण सगळे एकाच ओघात घडते.

खिडकीच्या आज्ञावलीत लगाम वापरणाऱ्याच्या हाती असतो. तो आधी व्यास भरेल की लांबी, ‘थांबा’ दोनदा दाबेल का, हे आपल्याला आधी माहीत नसते. म्हणून आपण प्रत्येक बटणासाठी एक छोटे स्वतंत्र फंक्शन लिहून ठेवतो आणि संगणकाला सांगतो, ‘हे बटण दाबले गेले की हे फंक्शन चालव.’ दुकानात वस्तू नसली की आपण दुकानदाराकडे फोन नंबर ठेवून येतो आणि वस्तू आली की तो फोन करतो, तसाच हा प्रकार आहे. अशा फंक्शनला ‘कॉलबॅक’ म्हणतात. आज्ञावली बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असते. कळ दाबली गेली की नेमका कॉलबॅक जागा होतो, आपले काम करतो आणि संपतो.

अडचण या संपण्यातच आहे. फंक्शन चालू असताना त्यातील चल, म्हणजे ज्यांच्यात आपण संख्या ठेवतो ती नावे, जिवंत असतात. फंक्शन संपले की ती पुसली जातात. तास संपल्यावर शिक्षक फळा पुसून जातात आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांना कोरा फळा मिळतो, तसे. लांबीच्या चौकटीच्या कॉलबॅकने ९८.५ वाचले आणि तो संपला, की ‘उत्तर’च्या कॉलबॅकसाठी ती संख्या उरलेलीच नसते. तेव्हा माहिती या दोघांच्या बाहेर कोठे तरी ठेवावी लागते.

ठेवायची कोठे?

पहिला, सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे सार्वत्रिक चल. व्हरांड्यात सूचनाफलक लावावा आणि ज्याला हवे त्याने त्यावर लिहावे, तसा. छोट्या कामाला हे पुरते. परंतु फलकावर कोणीही लिहू शकतो, कोणीही पुसू शकतो आणि कोणी पुसले ते कळत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दोन टेबलांवरील दोन लंबकांसाठी एकाच संगणकावर तीच खिडकी दोनदा उघडली, तर फलक मात्र एकच असतो. एका लंबकाची लांबी आणि दुसऱ्याचा वेळ यांची गाठ पडते.

दुसरा उपाय म्हणजे माहिती खिडकीजवळच ठेवणे. प्रत्येक वर्गाच्या कपाटात त्या वर्गाची नोंदवही असावी, तसे. आम्ही वापरत होतो त्या मॅटलॅब या संगणकभाषेत यासाठी ‘गायडेटा’ नावाची सोय आहे. तिने प्रत्येक खिडकीला एक नोंदवही मिळते. खिडक्या दोन असल्या तर वह्याही दोन. कोणताही कॉलबॅक आपल्या खिडकीची वही मागू शकतो.

आमची चूक येथेच झाली. मॅटलॅबमध्ये वही मागितली की हातात मूळ वही येत नाही, तिची झेरॉक्स येते. व्यासाच्या कॉलबॅकने झेरॉक्स घेतली, तिच्यावरील ९८.५ खोडून १०० लिहिले, तो आकडा खिडकीत दाखवला आणि काम संपवले. दुरुस्त केलेली प्रत कपाटात परत ठेवण्याची एक आज्ञा आम्ही लिहायची विसरलो होतो. कॉलबॅक संपला, त्याबरोबर झेरॉक्सही गेली. नंतर ‘उत्तर’च्या कॉलबॅकने कपाटातील वहीची नवी झेरॉक्स घेतली. तिच्यावर ९८.५ च होते.

संगणकाच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नव्हते. प्रत घेणे कायदेशीर, प्रतीवर लिहिणे कायदेशीर, प्रत टाकून देणेही कायदेशीर. म्हणून चुकीचा संदेश आला नाही. उत्तर ४.९ आले असते तर आम्ही तत्काळ सावध झालो असतो. ते ९.६४ आले. प्रयोगातली किरकोळ त्रुटी वाटावी असेच ते होते. अशा चुका सर्वांत घातक, कारण त्या यंत्राच्या नावावर न पडता माणसाच्या हातावर पडतात.

दुरुस्ती आणि दुसरी चूक

विसरलेली ओळ आम्ही लिहिली. उत्तर ९.७९ आले. पण एका मुलाने व्यास चुकून ३ ऐवजी ४ भरला आणि लगेच दुरुस्त केला. आता लंबकाची लांबी १०२ सेंमी झाली! पहिल्यांदा २ सेंमी मिळवले गेले, दुसऱ्यांदा त्यातच आणखी १.५, आणि मूळ ९८.५ हरवले ते हरवलेच.

यातून जो नियम शिकलो तो वहीत लिहून ठेवण्याजोगा आहे. साठवायची ती मूळ मोजमापे, म्हणजे दोरा, व्यास आणि वेळ. त्यांवरून निघणाऱ्या राशी साठवायच्या नाहीत. त्या लागतील तेव्हा नव्याने काढायच्या. प्रयोगवहीत निरीक्षणांच्या रकान्यात आपण गणित करू देत नाही, तोच हा नियम.

तिसरा धोका ‘सुरू’ या बटणात लपलेला होता. ते दाबले की त्याचा कॉलबॅक पडद्यावर हलता लंबक दाखवत राही. त्याने आरंभीच वहीची झेरॉक्स घेतलेली असे. चित्र ताजे करताना तो क्षणभर थांबे, तेवढ्यात ‘थांबा’ दाबले की दुसरा कॉलबॅक मध्येच चालून वेळेची नोंद वहीत करी. मग ‘सुरू’चा कॉलबॅक संपताना आपली जुनी झेरॉक्स वही म्हणून परत ठेवी. नुकतीच केलेली वेळेची नोंद गायब! यावर उपाय असा की वही शक्य तितक्या उशिरा घ्यावी, लिहावी आणि लगेच परत ठेवावी. जुनी प्रत हातात धरून बसू नये.

वहीऐवजी घर

परत ठेवण्याची आठवण ठेवावीच लागू नये, अशाही पद्धती आहेत. २००४ साली मॅटलॅबमध्ये फंक्शनच्या पोटात फंक्शन लिहिण्याची सोय आली. बाहेरच्या फंक्शनमधील चल पोटातील सर्व कॉलबॅकना थेट दिसतात. येथे प्रत नसते, एकाच फळ्यावर सर्व जण लिहितात आणि खिडकी असेपर्यंत तो फळा पुसला जात नाही. खिडकी पुन्हा उघडली की नवा फळा मिळतो, त्यामुळे दोन लंबकांची सरमिसळही होत नाही. पुढे २०१६ साली आलेल्या ‘अ‍ॅप डिझायनर’मध्ये संपूर्ण खिडकी हीच एक वस्तू मानली जाते आणि माहिती त्या वस्तूचे गुणधर्म म्हणून राहते.

आता अनेक ठिकाणी पायथन शिकवली जाते. तिच्यातील ‘टीकिंटर’ वापरून खिडक्या बनवता येतात. तेथे गोष्ट थोडी निराळी आहे. यादी किंवा शब्दकोश या रूपात ठेवलेली माहिती कॉलबॅकला मूळच मिळते, झेरॉक्स नाही. परंतु साध्या संख्येला कॉलबॅकमध्ये नवी किंमत दिली, तर पायथन बाहेरच्या चलाला हात न लावता त्याच नावाचा नवा स्थानिक चल गुपचूप तयार करते. परिणाम पुन्हा तोच. खिडकीसाठी एक वर्ग लिहून सर्व माहिती त्याच्या वस्तूत ठेवणे हा तेथला सरळ मार्ग.

यामागचा विचार जुना आहे. ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, तिच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली अशा आज्ञावल्यांची एक रचना मांडली. माहिती, तिचे पडद्यावरील दर्शन आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा स्वीकारणारा भाग हे तिघे वेगळे ठेवावेत आणि माहितीचे घर एकच असावे, असे तिचे सार सांगता येईल. आमच्या खिडकीत दर्शनाला १०० ठाऊक होते आणि माहितीच्या घरात ९८.५ होते. घर एकच असते आणि पडद्यावर तेथूनच वाचून दाखवले असते, तर ही तफावत पहिल्याच दिवशी दिसली असती.

लंबकापलीकडे

लंबकाच्या बाबतीत हानी एका शेऱ्यापुरती झाली. सर्वत्र ती एवढ्यावर थांबत नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात जादा किरण दिले. काहींचा त्यात मृत्यू झाला. या यंत्राला आजच्यासारख्या खिडक्या नव्हत्या, पण दुखणे याच कुळातले होते. १९८६ साली टेक्सासमध्ये घडलेल्या अपघातांत चालक स्त्रीने किरणांचा प्रकार चुकीचा भरून तो चटकन दुरुस्त केला. यंत्राची जुळणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, परंतु आज्ञावलीच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचली नाही. चूक झाली तरी किरण रोखणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे आधीच्या यंत्रांत होती, ती या यंत्रातून वगळलेली होती. म्हणून पडद्यावर बरोबर दिसते म्हणजे आत बरोबर आहे, असे मानता येत नाही.

वर्गात करून पाहा

हा खेळ संगणकाशिवायही खेळता येतो. टेबलावर एक वही ठेवा. तिच्यात लिहा: दोरा ९८.५, व्यास ०. चार मुलांना ‘लांबी’, ‘व्यास’, ‘वेळ’ आणि ‘उत्तर’ अशी नावे द्या. नाव पुकारले की मुलाने उठावे, वहीतील नोंद पाटीवर उतरवून घ्यावी, आपले काम करावे आणि बसण्यापूर्वी पाटी पुसावी. एकमेकांशी बोलायचे नाही. पहिल्या फेरीत पाटीवरील बदल वहीत परत लिहू द्या. दुसऱ्या फेरीत फक्त ‘व्यास’ला हळूच सांगा, की वहीत लिहायचे नाही. उत्तरातील फरक कोठून आला हे बाकीच्या वर्गाने शोधायचे. तिसऱ्या फेरीत ‘वेळ’ आणि ‘व्यास’ यांना एकाच वेळी उठवा आणि दोघांनाही संपूर्ण पाटी वहीत उतरवायला लावा. कोणाची नोंद टिकते ते पाहा.

त्या मुलीच्या वहीतील शेरा आम्ही तिच्यासमोर खोडला आणि ‘आज्ञावलीत चूक, निरीक्षणे अचूक’ असे लिहून खाली सही केली. तेव्हापासून विद्यार्थ्याचे उत्तर थोडेसेच चुकलेले असेल, तर शेरा लिहिण्याआधी आम्ही तीच मोजमापे घेऊन कागदावर एकदा गणित करतो. दोन मिनिटे लागतात.