कानाची मर्यादा आणि संगणकावरील गाणे

ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई फिरू लागली म्हणजे खोबणीच्या वळणांप्रमाणे ती थरथरते आणि त्या थरथरीतून गाणे पुन्हा उमटते. ध्वनीची लहर तेथे वळणांच्या रूपाने कोरलेली असते. संगणकाला मात्र केवळ संख्या कळतात. घरच्या संगणकावर गाणे उतरवून घेऊन ऐकावयाचे, तर प्रथम त्या गाण्याच्या संख्या झाल्या पाहिजेत.

त्यासाठी मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युत्‌लहरीची उंची ठराविक कालांतराने मोजतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ही मापे दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतलेली असतात. लहरीतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक मापे घेतली, तर तिच्यावरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असा गणिताचा सिद्धांत आहे. आणि मनुष्याचा कान दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकत नाही. प्रत्येक माप शून्य व एक यांच्या १६ अंकांत लिहितात. अशा एका अंकास बिट म्हणतात. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजू धरून एका सेकंदाच्या संगीतास १४,११,२०० बिट लागतात.

अडचण येथेच उभी राहते. चार मिनिटांचे गाणे या रीतीने लिहिले, तर सुमारे ३४ कोटी बिट होतात. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास फार तर ५६,००० बिट आणणाऱ्या मोडेमने ते घरी आणण्यास एक तास चाळीस मिनिटे लागत. हेच गाणे सेकंदास १,२८,००० बिट या मापाच्या एमपी-थ्री फाइलीत बसविले, म्हणजे काम नऊ मिनिटांवर येई. अकरा भागांतील दहा भाग गेले, तरी गाणे ओळखू येते. एवढेच नव्हे, तर पुष्कळांना फरकही जाणवत नाही. हे कसे घडते?

‘नगाऱ्याची घाय, तेथे टिमकीचे काय’ अशी म्हण आहे. या म्हणीत श्रवणशास्त्राचा एक नियमच सांगितला आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या स्वरांतील बारीक आवाज कानापर्यंत पोहोचतो, पण ऐकू येत नाही. मोठा आवाज त्याला झाकून टाकतो. हे झाकणे सर्व बाजूंनी सारखे नसते: खालचा स्वर आपल्याहून वरच्या स्वरांना जितका झाकतो, तितका वरचा स्वर खालच्यांना झाकीत नाही. मोठा आवाज थांबल्यावरही काही क्षण कान बारीक ध्वनीस बधिर राहतो.

जर्मनीतील एर्लांगेन येथील प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवावयाचे होते. त्यांचा पेटंटचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ही गोष्ट अशक्य ठरविली. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि पुढे फ्राउनहोफर संस्थेतील सहकाऱ्यांसह तो तडीस नेला. त्यांच्या पद्धतीत संगणक गाण्याचे सेकंदाच्या अडतिसाव्या भागाएवढे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यातील स्वर निरनिराळ्या पट्ट्यांत विभागतो आणि कोणत्या पट्टीत काय झाकले जात आहे याचा हिशेब मांडतो. जे मुळीच ऐकू येणार नाही ते तो गाळतो. उरलेले तो कमीअधिक ढोबळपणे लिहितो. ढोबळ लिहिल्याने खरखर उत्पन्न होते, हे खरे. पण ही खरखर मोठ्या स्वराच्या सावलीत दडेल अशीच योजना केलेली असते. सारे कौशल्य या दडविण्यात आहे.

हे कौशल्य सहजासहजी साधले नाही. परीक्षेसाठी ब्रांडेनबुर्ग यांनी अमेरिकन गायिका सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांच्या साथीविना गायिलेले गीत निवडले. वाद्यवृंदाच्या गजरात जी खरखर लपे, ती त्या एकट्या, कोरड्या आवाजाभोवती उघडी पडली. पहिला परिणाम अगदी असह्य होता. त्या गीतावर पुन्हा पुन्हा कान लावून हिशेब सुधारण्यात आला. चिपळ्यांसारख्या एकाएकी उमटणाऱ्या ठोक्याची अडचण निराळीच. ठोका तुकड्याच्या मध्ये पडला, तर त्याची खरखर तुकडाभर पसरते आणि ठोक्याच्या आधीच ऐकू येते. तेथे तुकडे आणखी लहान करावे लागतात. १९९२ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात मान्य झाली. फाइलीच्या नावापुढील ‘एमपी-थ्री’ ही खूण १९९५ मध्ये ठरली.

फाइल उतरवून घेताना तिची लहान लहान पाकिटे होऊन येतात. एखादे हरवले वा बिघडले, तर संगणक ते पुन्हा मागवितो व सर्व पाकिटे क्रमाने लावतो. यामुळे उतरलेली प्रत मुळाबरहुकूम असते. फितीवरील ध्वनिमुद्रणाची नक्कल दर वेळी थोडी मळते, तसे येथे होत नाही. गाणे लावताच आज्ञावली संख्यांवरून मापे तयार करते, एक छोटे यंत्र त्या मापांचा विद्युत्‌प्रवाह करते आणि ध्वनिवर्धकाचा पडदा हलू लागतो.

गाळलेला भाग मात्र परत येत नाही. एमपी-थ्री फाइल पुन्हा कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपात लिहिली, तर तिचा आकार अकरा पट होतो, पण आतील संगीत उणेच राहते. तिच्यावरून दुसरी एमपी-थ्री केली, तर पहिल्या खरखरीवर दुसरीची भर पडते. घरी ऐकण्यास याची फारशी क्षिती नाही. परंतु ज्या गायकाचा आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याचे एकमेव मुद्रण एखाद्या ग्रंथालयाने जागा वाचविण्यासाठी एमपी-थ्रीत ठेवून मूळ फीत टाकून दिली, तर झालेली हानी कोणत्याही यंत्राने भरून निघणार नाही. अशा कामासाठी २००१ सालापासून उपलब्ध असलेली फ्लॅक ही पद्धत योग्य. ती काहीच गाळीत नाही, केवळ संख्या आटोपशीर लिहिते. त्यामुळे तिची फाइल बहुधा मूळच्या निम्म्याच्या आसपासच राहते. आणि ऐकणाऱ्यांसाठी लहान प्रत हवी असल्यास तिच्यावरून एमपी-थ्री केव्हाही करता येते.