स्विचचे दप्तर आणि त्याची नक्कल

एप्रिल २०१८ मध्ये इराणमधील अनेक माहिती केंद्रांचे काम अचानक खोळंबले. संगणकांना परस्परांशी जोडणारे स्विच जागच्या जागी होते, वीजपुरवठाही चालू होता. परंतु त्यांतील विन्यास, म्हणजे कोणता पोर्ट कोणत्या विभागाचा, कोणास प्रवेश व कोणास मज्जाव, ही नोंदच पुसली गेली होती. सिस्को कंपनीच्या स्विचमधील ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सोय आज्ञा देणाऱ्याची ओळख न विचारताच ती पाळीत असे. त्याचाच गैरफायदा घेण्यात आला. इराणमध्ये सुमारे ३,५०० व जगभरात सुमारे दोन लाख उपकरणे बाधित झाल्याचे तेथील संबंधित मंत्रालयाने सांगितले. ज्यांच्यापाशी नोंदीची नक्कल होती, त्यांना ती पुन्हा भरणे एवढेच काम उरले.

या स्विचमध्ये विन्यासाच्या दोन फायली असतात. ‘रनिंग-कॉन्फिग’ ही फळ्यावरील खडूच्या लेखनासारखी. वीज गेली की पुसली जाणारी. ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ ही वहीतील नोंद होय. स्विच सुरू होताना तीच वाचली जाते. फळ्यावरचे वहीत उतरविण्यास विसरलेला तंत्रज्ञ पुढील भारनियमनापर्यंतच निश्चिंत असतो! मात्र वहीही स्विचच्याच पोटात असते. उपकरण जळाले की तीही जाते. सबब तिची प्रत अन्य संगणकावर ठेवणे अगत्याचे आहे. त्यासाठी रूढ असलेल्या ‘टीएफटीपी’ पद्धतीत ना संकेतशब्द विचारला जातो, ना मजकूर गुप्त राहतो. म्हणून ‘एससीपी’ ही कूटबद्ध पद्धत अधिक इष्ट.

खरी कसोटी लागते ती प्रत परत भरताना. चालू फायलीवर प्रत उतरविली की जुना मजकूर नाहीसा होतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात दोन्ही मजकूर मिसळतात व चुकून लिहिलेली जादा ओळ तशीच राहू शकते. यास्तव प्रत स्टार्टअप फायलीत भरून स्विच पुन्हा सुरू करावा, अथवा ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही आज्ञा द्यावी. स्विच ‘व्हीटीपी सर्व्हर’ अवस्थेत असल्यास व्हीलॅनची यादी ‘व्हीलॅन.डॅट’ या वेगळ्याच फायलीत राहते, हे अनेकांना स्विच बदलल्यानंतरच उमगते. एसएसएचची खाजगी किल्लीही प्रतीत येत नाही. ती नव्याने निर्माण करावी लागते.

प्रत्येक फेरबदलापूर्वी व नंतर प्रत घ्यावी, तिच्या नावात स्विचचे नाव व दिनांक असावा आणि सुट्टीच्या एखाद्या दिवशी ती राखीव स्विचवर भरून पाहावी.