घरातील श्वास : जुनाट फुफ्फुसविकार आणि प्राणवायूचा आधार



  वैद्यकीचा व्यवसाय करणारा माणूस श्वासाविषयी बोलणार यात नवल नाही; परंतु हा विषय निवडण्यास हे स्थळही कारण आहे. मुहम्मद घौस यांच्या ज्या मकबऱ्यावरून या वस्तीस हजीरा हे नाव पडले, त्याच्या शेजारीच तानसेनाची समाधी आहे. जवळच्या चिंचेची पाने चघळल्याने गळा सुरेल होतो, अशी गायकांची श्रद्धा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेलेल्या ग्वाल्हेर गायकीचा पायाही दमसासच. आणि याच हजीऱ्यालगत, बिर्लानगरात, १९२१ साली स्थापन झालेली जियाजीराव कॉटन मिल होती. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती बंद पडली. एकाच वस्तीत श्वासाची साधना करणारे आणि श्वास खर्ची घालून पोट भरणारे, असे दोन्ही वर्ग नांदले.

कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की श्वासनलिका आकुंचन पावतात. सुट्टीनंतर कामावर रुजू होताच पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्या विकाराचे जुने लक्षण जगभरच्या गिरण्यांत आढळले आहे. त्यात विडीचा धूर मिळाला, किंवा घरी लाकूड व गोवऱ्यांची चूल असली, म्हणजे हानी वाढते. चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या अनेक स्त्रियांनी कधी विडीला स्पर्शही केलेला नसतो. तरी त्यांची फुफ्फुसे तशीच जीर्ण होतात. या जुनाट विकारास वैद्यकात सी.ओ.पी.डी. म्हणतात. लोक त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात; परंतु दम्यातील अडथळा पुष्कळदा पूर्णपणे सुटतो, येथे तो बराचसा कायमचा असतो.

फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजल्या की रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळत नाही. तो दीर्घकाळ कमी राहिला तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो आणि पायांवर सूज येते. म्हणजे घरी द्यावयाचा प्राणवायू हा केवळ धाप शमविण्याचा उपाय नाही. तो हृदयाचेही रक्षण करतो.

याचा पुरावा दोन प्रसिद्ध अभ्यासांनी दिला. १९८० साली अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या अभ्यासात, केवळ रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे अधिक जगले. १९८१ साली ब्रिटनमध्ये ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज किमान १५ तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ जणांपैकी ३०. तेव्हापासून ‘रोज किमान पंधरा तास’ हा दंडक झाला. धाप लागली की दहा मिनिटे नळी लावायची आणि मग यंत्र झाकून ठेवायचे, याने हा लाभ मिळत नाही.

मात्र हा उपचार सर्वांसाठी नाही. प्रकृती स्थिर असताना, विश्रांतीत, रक्ताची प्राणवायू-संपृक्तता ८८ टक्के वा त्याहून कमी असेल तर तो निश्चित उपयोगी. सौम्य कमतरता असलेल्या ७३८ रुग्णांवरील अभ्यासात, २०१६ साली, आयुष्यही वाढले नाही आणि रुग्णालयाच्या फेऱ्याही घटल्या नाहीत. म्हणून बोटाला लावायच्या मापकावर विसंबून यंत्र विकत घेऊ नये; रोहिणीतील रक्त तपासून वैद्याने निर्णय द्यावा.

यंत्राची रचना सोपी आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के प्राणवायू असतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दाबाखाली हवा झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांतून सोडतो. ते कण नत्रवायू धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध प्राणवायू पुढे जातो. सिलिंडरप्रमाणे तो संपत नाही. पण वीज गेली की थांबतो. म्हणून इन्व्हर्टर किंवा भरलेला एक सिलिंडर घरी असावाच.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. काकुळतीला आलेले नातेवाईक यंत्राचा काटा वाढवितात. माया खरी, पण कृती घातक. अशा काही रुग्णांत अधिक प्राणवायूने कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोके दुखते, गुंगी येते, शुद्धही हरपते. अशांची संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांत राखणे पुरे. शंभराचा हव्यास नको. हा वायू ज्यांच्यात कायमच साचतो, त्यांना रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र श्वासस्नायूंना विसावा देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, आजार बळावून रुग्णालयात जाऊन आलेल्या अशा रुग्णांना प्राणवायूसोबत हे यंत्र दिले, तेव्हा पुन्हा भरती होण्याचा वा मृत्यूचा मध्यकाल १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला.

प्राणवायूजवळ विडी, चूल, समई, उदबत्ती यांपैकी काहीही नको. एका ठिणगीने वस्त्रे पेटतात. देवघर दूर हलवावे लागले तरी देव रागावणार नाही.

नाकाला नळी लागली म्हणजे माणूस संपला, ही समजूत मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. त्या लज्जेपोटी रुग्ण नळी लपवितात, तास चुकवितात आणि जो काळ मिळाला असता तो गमावतात. चष्म्याची आपण लाज बाळगत नाही. नळीची का बाळगावी? विद्यार्थिमित्रहो, घरी आजोबा वा आजी अशी नळी लावून बसत असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याशी बोला, पंधरा तासांचा हिशेब ठेवा आणि यंत्राची जाळी आठवड्याला धुऊन, वाळवून बसवा. एवढी सेवा कोणत्याही पदवीविना करता येते.