कावीळ एकच, वाटा दोन

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात २०१२ साली काविळीची मोठी साथ पसरली. तिला हिपॅटायटिस ई हा विषाणू कारणीभूत होता. रुग्णाच्या विष्ठेतील हा विषाणू सांडपाण्यावाटे पिण्याच्या पाण्यात मिसळतो व इतरांच्या पोटात जातो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटतात. त्यामुळे रुग्ण वाढू लागतात तोवर नळाचे पाणी कदाचित पुन्हा शुद्धही झालेले असते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये याच मार्गाने सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली होती. विषाणूची ओळख मात्र १९८०च्या दशकात पटली.

बहुतेक रुग्ण उपचारांविना बरे होतात. गर्भवतींना मात्र, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवाचा धोका असतो. साथीच्या काळात त्यांना उकळलेले पाणीच द्यावे.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची वाट निराळी. ते रक्तातून, दूषित सुईतून, प्रसूतीवेळी आईकडून बाळाला होतात. बी लैंगिक संबंधांतूनही सहज पसरतो. अशा रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे, ती निरर्थक आहे. बी-वर प्रतिबंधक लस असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाते. सी-वर लस नाही. औषधांनी तो बरा होतो.