दगडात प्राण

आमच्या छत्रपती संभाजीनगराला समुद्र नाही. पायाखाली आहे तो काळा कातळ. तरीही काचेच्या टाकीत समुद्र पाळण्याची हौस कुणाला झालीच, तर त्याने माशांआधी दगडाची चिंता करावी. या टाकीचा प्राण म्हणजे ‘जिवंत खडक’. जिवंत असतो तो दगड नव्हे, तर त्याच्या छिद्राछिद्रांत नांदणारे सूक्ष्म जंतू!

आपण म्हणाल, मालवणला जाऊन आणू की चार दगड! तसे मुळीच करू नये. २००१ सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे.

त्यापेक्षा कोरडा, सच्छिद्र चुनखडीचा दगड घ्यावा. तो घासूनपुसून धुवावा. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ घालावे. स्वयंपाकघरातले चालत नाही. ऊब २५-२६ अंश, पंपाने पाणी खेळते, आणि वर अंधार, नाहीतर शेवाळ माजते. आत चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो. एक जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषच; तिसरे पाणी बदलून आटोक्यात राहते. जुन्या टाकीतला एखादा तुकडा मिळाला, तर तो विरजणाचे काम करतो.

चार-सहा आठवडे असे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की दगड जिवंत झाला म्हणावे. त्याआधी मासा सोडला, तर आपल्या उतावीळपणाची किंमत तो मुका जीव मोजतो.