गाळा, धुवा, पुन्हा वापरा! कारखान्यातला ‘मध्यस्थ’ खाडीचा भार कसा हलका करू शकतो?

डोंबिवली : फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि ते फोटो राज्यभर फिरले. कारखान्यांतून काय बाहेर पडतं, हा प्रश्न खाडीकाठच्या गावांना मात्र रोजचाच. त्यावरचा एक उपाय कारखान्याच्या आतच आहे, तो म्हणजे पुन्हा वापरता येणारा उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय?
लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन घरं जोडतो आणि स्वतः मोकळा राहतो. उत्प्रेरकाचंही तसंच. तो रासायनिक क्रिया लवकर घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही.

रंग आणि औषधांसाठी अमाइन नावाची रसायनं लागतात. जुन्या पद्धतीत ती लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरून बनवतात. त्यात लोखंड खर्च होतं आणि मागे गाळाचा ढीग उरतो. त्याऐवजी हायड्रोजन वायू आणि पॅलेडियम धातूचा उत्प्रेरक वापरला, तर मालासोबत मुख्यतः पाणीच तयार होतं.

मग अडचण कुठे?
पॅलेडियम महाग. म्हणून थोड्या धातूत जास्त काम व्हावं यासाठी त्याचे नॅनोकण करतात. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिला पाणी जास्त जागी लागतं, तसंच हे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पण इतके बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि गाळायलाही अवघड जातात.

मधाच्या पोळ्यासारखे मणी
म्हणून हे कण पॉलिमरच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, खसखशीएवढ्या सच्छिद्र मण्यांत बसवतात. रसायन छिद्रांत शिरतं, क्रिया होते. मग मणी गाळायचे, धुवायचे आणि पुढच्या बॅचला घालायचे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही (आयसीटी) पुन्हा वापरता येणाऱ्या उत्प्रेरकांवर संशोधन चालतं.

जादूची कांडी नाही
मण्यांतून धातू हळूहळू सुटतो, छिद्रं बुजतात, फार उष्णता मण्यांना सोसत नाही. हायड्रोजन चटकन पेट घेतो. २०१६ आणि २०२४ चे स्फोट पाहिलेल्या डोंबिवलीत सुरक्षेची ढिलाई परवडणार नाही. आणि रंगीत सांडपाणी शुद्ध करावं लागतंच.

त्यामुळे नव्या कारखान्याची जनसुनावणी असेल, तर गावकऱ्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत : उत्प्रेरक किती वेळा वापरणार? आणि सांडपाण्यात धातू किती उतरतो, हे कोण तपासणार?